न झालेल्या सभांची वही

वाल्मिक देसले सर तीस वर्षं शाळेचे ग्रंथपाल होते, आणि तीस वर्षांत शिक्षकांच्या एकाही बैठकीत त्यांनी तोंडातून ब्र काढला नव्हता. बोलायचं नसायचं असं नाही. पण सांगायचं ते मनात नीट जुळेपर्यंत चर्चा पुढच्या विषयावर गेलेली असायची. मग घरी जेवताना, आमटीत भाकरी कुस्करता कुस्करता, त्यांना नेमकं वाक्य सुचायचं.

निवृत्तीनंतर त्यांचा जुना विद्यार्थी शेखर, ‘गावसभा जागर मंडळा’चा अध्यक्ष, त्यांना मंडळाचे सचिव म्हणून घेऊन गेला. शहापूरच्या बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर मंडळाचं कार्यालय होतं. काम चांगलं होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. शहापूर आणि मुरबाडच्या चौदा गावांत बायकांना एकत्र बसवायचं, ग्रामसभेत आपण काय विचारू शकतो ते समजावायचं. शेखर त्यासाठी मोटारसायकलवर कंबर मोडेस्तोवर हिंडायचा.

पण मंडळाला स्वतःचीही वर्षातून एक सभा घ्यावी लागते. पहिल्या वर्षी ती नेमकी भातकापणीत आली आणि कुणी फिरकलं नाही. शेखर म्हणाला, “सर, तेवढं इतिवृत्त लिहून टाका, दप्तरी कागद लागतो.” सरांनी चार ओळी खरडल्या आणि शहापुरातल्या सदस्यांच्या सह्या घरोघर जाऊन गोळा झाल्या. दुसऱ्या वर्षी तेच झालं. तिसऱ्या वर्षी सभा बोलवायची आठवणसुद्धा कुणाला राहिली नाही. वही तेवढी न चुकता सरांकडे आली.

इथंवर म्हणाल तर ही जगाची रीत. सरांचं चुकलं ते पुढे. चार ओळींत भागत असताना त्यांनी चार पानं लिहिली. टेबलाशी एकटे बसले की त्यांच्या डोळ्यांपुढे सभा भरायची. कुणी अहवालावर हरकत घ्यायचं, कुणी ती खोडून काढायचं, सापगावचे चांगो विशे एरवी फक्त तंबाखू मळत बसायचे, ते वहीत महिलांच्या प्रतिनिधित्वावर बोलायचे. अध्यक्षांना कोंडीत पकडणारे प्रश्न यायचे आणि अध्यक्ष शांतपणे उत्तर द्यायचे. सभा कशी असावी हे सरांनी पुस्तकांत वाचलं होतं, तशीच ती ते भरवायचे. अकरा वर्षं. खरं सांगायचं तर वर्षभर ते त्या एका दिवसाची वाट पाहायचे. ही लबाडी आहे हे त्यांना कळत होतं. तिची गोडी लागली होती, हे मात्र त्यांनी स्वतःलाही कधी नीट सांगितलं नव्हतं.

यंदा मुंबईच्या एका निधीकडे मंडळाने अर्ज केला. गावपातळीवर लोकशाहीचं काम करणाऱ्या छोट्या संस्थांना तो निधी तीन वर्षांचं अनुदान देतो. जुनी मदत मार्चमध्ये संपत होती. अनुदान मिळालं तर चौदा गावांच्या बैठका चालू राहणार होत्या, आणि पूजा आणि वैष्णवी या दोन कार्यकर्त्या मुलींचे पगारही. नाही मिळालं तर माडीला कुलूप. अर्जाला वहीच्या झेरॉक्स जोडल्या होत्या. निधीच्या दर्शना मॅडमचा फोन आला की वही वाचली, सदस्यांना भेटायचं आहे, तेव्हा शेखरने आनंदाने सरांचे दोन्ही हात धरले. सरांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

भेटीच्या दिवशी सातजण आले. सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावातून मैनाबाई पष्टे आल्या, पूजाच्या सासूबाई. मंडळाच्या त्या अगदी सुरुवातीपासूनच्या सदस्य. एक मेच्या ग्रामसभेत मागच्या सभेचं इतिवृत्त न वाचताच सह्या घ्यायला लागले, तेव्हा भर सभेत उभं राहून त्यांनी “वाचून दावल्याबिगर आमी सही करनार नाय” असं ठणकावलं होतं. शेवटी ते वाचावं लागलं. मंडळाच्या कामाचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे मैनाबाई. अर्जातही पहिलं नाव त्यांचंच होतं.

दर्शना मॅडम तिशीच्या, साध्या बोलण्याच्या. पोहे झाल्यावर त्यांनी वही मागून घेतली आणि म्हणाल्या की बऱ्याच संस्थांची इतिवृत्तं त्या वाचतात, सगळीकडे ‘सर्वानुमते मंजूर’ एवढंच असतं. इथं माणसं भांडतात, ऐकतात, मत बदलतात. हा अर्ज बाजूला काढला गेला तो या वहीमुळे. शेखरने अभिमानाने सरांकडे पाहिलं. त्याने ती वही कधीच वाचली नव्हती, हे सरांना तेव्हा उमगलं.

मॅडमनी दोन वर्षांपूर्वीची सभा काढली आणि मोठ्याने वाचली. “श्रीमती मैना पष्टे यांनी विचारले की, सरपंच पाच वर्षांनी मतांसाठी आपल्या दारी येतो, मग मंडळाचे अध्यक्ष आमच्या दारी कधी येणार? त्यावर अध्यक्षांनी खेद व्यक्त केला.”

चांगो विशेंना ठसका लागला. शेखरचं तोंड उघडं राहिलं. आपण खेद व्यक्त केल्याचं तो पहिल्यांदाच ऐकत होता.

“ताई,” मॅडम म्हणाल्या, “फार नेमकं बोललात. अध्यक्ष समोर असताना भीती नाही वाटली?”

मैनाबाईंनी आधी वहीकडे पाहिलं, मग सरांकडे. सरांना वाटलं, आता ही बाई उभी राहणार, एक मेला राहिली होती तशीच. ते जणू त्याचीच वाट पाहत होते.

मैनाबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. “भीती कसली. बोलले मी,” त्या म्हणाल्या.

“आणि मग पुढे काय झालं?”

“मंग,” मैनाबाई क्षणभर अडखळल्या, “मंग च्या घेतला सगल्यांनी.”

सगळे हसले, मॅडमही हसल्या. मैनाबाई हसल्या नाहीत. त्यांची नजर पोह्यांच्या रिकाम्या ताटलीवर खिळली होती आणि त्या अंगठ्याने तिची कड पुसत होत्या. सरांनी आयुष्यात बरेच ओशाळवाणे क्षण गिळले होते, पण असं कधी आतून तुटलं नव्हतं. न वाचलेल्या कागदावर सही न करणारी बाई न बोललेल्या वाक्याला होकार देत होती, आणि तेही आपल्यासाठी, आपला मान राहावा म्हणून. आपण तिला एवढंच शिकवलं का?

“मॅडम, ती सभा झाली नव्हती,” सर म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की मॅडमनी पुन्हा विचारलं, “कुठली सभा?”

“कुठलीच. अकरा वर्षांतली कुठलीच. सगळं मी घरी बसून लिहिलं. मैनाबाई असं काही बोलल्या नव्हत्या.”

खालच्या दुकानात कुणीतरी पातेलं वाजवून बघत होतं, तेवढाच आवाज. मॅडमनी वही मिटली. त्या चिडल्या नाहीत, ते सरांना जास्त लागलं. त्यांनी एवढंच सांगितलं की हे त्यांना अहवालात लिहावं लागेल, आणि पुढचं त्यांच्या हातात नाही. शेखर त्यांना सोडायला खाली उतरला. जाता जाता सरांच्या खुर्चीशी थांबून हळूच म्हणाला, “वहीत काय लिहिलंय ते मला तरी आधी सांगायचं होतंत, सर.” रागावून नाही, एखाद्या मुलाला परीक्षेनंतर कळावं की पेपर फुटला होता, तसा.

बाकीचे एकेक करून पांगले. मैनाबाई निघाल्या तशा सर त्यांच्यामागून जिना उतरले. मुरबाडच्या जीप लागतात तिथपर्यंत दोघं मागेपुढे चालत गेली. मनात सर वाक्य जुळवत होते. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, ते मला सहन झालं नाही. तीन वेळा ते त्यांनी मनातल्या मनात घोळवलं, आणि चौथ्यांदा म्हणून टाकलं.

मैनाबाई थांबल्या. “तुमच्यासाठी?”

सरांनी मान डोलावली.

“पूजाचा पगार जाईल, तिच्यासाठी बोलले मी. घरात तेवढाच एक पगार येतो सर, महिन्याच्या महिन्याला. तुमची वही कशी का असंना, मला काय करायचंय.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “मी वावगंच केलं, नाय म्हनत नाय. पन तुमी चारचौघांत मलाच खोटी पाडली. त्या मुंबईच्या पोरीसमोर. आता माझं एक मेचं तरी कोन खरं मानंल?”

हे सरांच्या डोक्यात आलंच नव्हतं. पूजाचा पगार त्यांना ठाऊक होता, अर्जात त्यांनीच तो लिहिला होता. पण ती बाई आपल्या मानासाठी खोटं बोलली, हे त्यांनी किती सहज धरून चाललं होतं. आणि आपण खरं बोललो तेही तिच्यासाठीच, असं. खरं बोलून पोटातला गोळा उतरला तो कुणाचा? त्यांचा एकट्याचा. चौदा गावांना, पूजाला, वैष्णवीला त्यांनी विचारलं नव्हतं. वहीत मैनाबाईंच्या तोंडी वाक्य घातलं तेव्हाही विचारलं नव्हतं, आणि आज ते काढून घेतलं तेव्हाही नाही.

“माझं चुकलं,” ते म्हणाले.

“काय चुकलं?”

एक चूक असती तर सरांनी सांगितली असती.

“आमच्या नावानं काय लिवाल नायतर पुसाल,” मैनाबाई म्हणाल्या, “त्याच्या आदी एक बार आमाला इचारा. तेवढं बी जड हाय का?”

त्या जीपमध्ये मागच्या बाकावर चढून बसल्या. सरांना वाटलं, आता गाडी सुटेल आणि आपण माघारी फिरू. पण ड्रायव्हर खाली उभा राहून “मुरबाड, मुरबाड” ओरडत होता. अजून दोन माणसं भरायची होती. जायचं कसं आणि थांबायचं कसं, ते त्यांना कळेना. निरोप घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. मैनाबाई पलीकडच्या काचेतून रस्त्याकडे बघत बसल्या, आणि सर अलीकडे दाराशी, हातात काही नसताना, उन्हात उभे राहिले. पाव तास गेला. एकच माणूस आला.