थोरल्याचा दात

"जबडा नाही," खजिनदारीणबाई म्हणाल्या आणि मांडलेली हाडं पेटीत परत ठेवून त्यांनी झाकण पुन्हा लावून टाकलं.

टेबलापलीकडे बसलेल्या दोन्ही पंचांचा जीव भांड्यात पडला. एक शेजारचा इस्त्रीवाला, दुसरा झेरॉक्सवाला. माणसाची हाडं डोळ्यांनी बघून सही करायची आहे हे कळल्यापासून दोघांचे चेहरे उतरले होते. मग आम्ही निघू का, असं इस्त्रीवाल्याने विचारलंसुद्धा. जाल कुठे, संध्याकाळी पुन्हा बोलावणार आहे, असं बाईंनी हसत हसत सांगितलं आणि त्यांना चहा मागवला.

खजिनदारीणबाई खऱ्या म्हणजे हवालदार. गुन्ह्यात सापडलेल्या वस्तू ज्या खोलीत ठेवतात, तिच्या किल्ल्या कित्येक वर्षं त्यांच्या कमरेला होत्या, म्हणून ठाण्यात हे नाव पडलं. बाईंनाही ते आवडे. अंगाने भरलेल्या, आवाजाने त्याहून भरलेल्या. त्या खोलीत सुरे, कुलपं, चोरीच्या सायकली यांच्यामध्ये वरच्या फळीवर ही पेटी होती. एका ट्रकचालकाला त्याच्याच सोबत्याने भांडणात मारून खाणीत पुरलं होतं. खटला वरच्या कोर्टात, तिथून आणखी वरच्या कोर्टात गेला आणि तोवर ट्रकचालक फळीवर राहिला. झाडलोट करताना बाई त्याला "सरका जरा" म्हणत. घरी नवरा विचारी, तुझे पाहुणे काय म्हणतात? बाई सांगत, तुमच्यापेक्षा शहाणे आहेत, जिथे ठेवावं तिथे राहतात.

आता शेवटचा निकाल लागला होता. अवशेष जवळच्या नातेवाइकाच्या ताब्यात द्यावेत असा कोर्टाचा हुकूम आला होता आणि ते न्यायला मेलेल्याचा धाकटा भाऊ बाहेरच्या बाकावर येऊन बसला होता. पेशाने घड्याळं दुरुस्त करणारा, बारीक चणीचा, केस पूर्ण पांढरे. गुडघ्यावर घडी घातलेली कोरी चादर.

पंचांसमोर लाखेचं सील फोडायचं, डॉक्टरांच्या अहवालाशी एकेक हाड ताडून बघायचं, पुन्हा सील करून सही घ्यायची, अशी रीत. बाईंनी पांढऱ्या कापडावर सगळा माणूस मांडला होता आणि जबड्यापाशी गाडी अडली. तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवलेला खालचा जबडा तिकडून परत आलाच नव्हता.

साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "आहे तेवढं द्या. जबडा आला की पोचवू."

"साहेब, माणूस हप्त्याहप्त्याने कसा द्यायचा?"

साहेबांनी मान वर केली. क्षणभर ते रागावतील असं वाटलं, पण त्यांना हसू आलं. जीप घेऊन जा, म्हणाले.

पेटी पुन्हा कुलपात गेली. धाकटाही जीपमध्ये बसला. बाकावर बसून काय करू, म्हणाला. वाटेत बाईंनी त्याला बोलतं केलं. बाई दगडालाही बोलतं करतील अशी त्यांची ख्याती होती. थोरला नकला करायचा. गल्लीतल्या मास्तरांची, डॉक्टरांची, एकदा तर वडलांची, वडील मागे उभे असताना. ट्रकवरून पडून पुढचा दात गेला तेव्हा त्याने चांदीचा बसवून घेतला आणि तो दिसावा म्हणून उगाचच हसायला लागला. खाणीत सापडलेला माणूस थोरलाच, हे पोलिसांना त्या दातावरून तर कळलं होतं.

"म्हणजे त्याचं हसू तिकडे अडकलंय," बाई म्हणाल्या. धाकट्याने मान हलवली.

प्रयोगशाळेत कळलं की ज्या कपाटात जबडा आहे त्याची किल्ली एका कारकुनाकडे आणि कारकून रजेवर. उद्या या, असं सांगण्यात आलं. बाईंनी वाद घातला नाही. खुर्ची ओढली, बूट सैल केले आणि धाकट्याला म्हणाल्या, "ती वडलांची नक्कल कशी करायचा, दाखवा ना."

धाकटा लाजला. पण मग उठला, हात मागे बांधले, नाकातून आवाज काढला. थोरल्याने केलेली वडलांची नक्कल धाकटा करत होता, आणि ती इतकी हुबेहूब होती की ज्या माणसांना कुणी कधी पाहिलं नव्हतं ती त्या खोलीत येऊन उभी राहिली. काचेच्या नळ्या धुणारी बाई आली, शिपाई आला. "उद्या या" म्हणणारे अधिकारीही दारात थबकले. हसू ओसरलं तसं त्यांनी आपणहून फोन उचलला. थोड्या वेळाने कारकून आला. घराला रंग देत होता, कोपरापर्यंत हात निळे. कुरकुर न करता त्याने हात धुतले आणि कपाट उघडलं.

छोट्या डब्यात जबडा होता. बघायलाच हवं असं नाही, बाई हळूच म्हणाल्या. पण धाकटा पुढे झाला. चांदी काळवंडली होती. तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

"तसाच आहे, लबाड," तो म्हणाला आणि हसला. मग चष्मा काढून पुसू लागला.

संध्याकाळी पंच पुन्हा आले. या खेपेला बाईंनी सगळा माणूस पुरा मांडला, जबडा जागेवर ठेवला. झेरॉक्सवाला टाचा उंचावून बघू लागला आणि दात छान आहे, म्हणाला. सह्या झाल्या, लाख ओतली, पेटी चादरीत बांधली. साहेब टेबलामागून उठून बाहेर आले, पेटी त्यांनी स्वतः दोन्ही हातांनी उचलून धाकट्याच्या हातात दिली.

"थोरला आता माझ्याहून लहान झालाय," पेटी सावरत धाकटा म्हणाला. "आता माझं ऐकेल."

बाई त्याला बसपर्यंत सोडायला गेल्या. बोजा वरच्या फळीवर ठेवा, असं कंडक्टरने सांगितलं. धाकट्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पेटी त्याने खिडकीपाशी बसवली आणि स्वतः अलीकडच्या जागेवर बसला.

"खिडकीवरून आमची मारामारी व्हायची," त्याने बाईंना सांगितलं.

बस हलली. वळणावर पेटी कलंडू नये म्हणून धाकट्याने तिच्या खांद्यावरून हात टाकला होता.