टोपलीतला हिरडा

एका परदेशाचे मंत्री आपल्याकडे दौऱ्यावर येणार होते. त्याआधी दोन देशांची मैत्री लोकांच्या मोबाइलवर पोचावी, म्हणून त्यांच्या दूतावासाला आहुपे गावच्या देवराईवर दोन मिनिटांची फिल्म हवी होती. मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि त्या राईतली झाडं मोजते, म्हणून दुभाषी म्हणून मला नेलं.

कॅमेऱ्यासमोर धोंडाबाई होत्या. राईतल्या देवापुढे रोज सकाळी दिवा लावायचं काम सासू गेल्यापासून त्यांच्याकडे. टोपलीत त्यांच्या स्वतःच्या बांधावरचा हिरडा होता. बांधावर ऊन फार, असं कॅमेरावाला म्हणाला. राईत उजेड मऊ होता.

"मावशी, टोपली घेऊन आत याल?" मी विचारलं. "नुसतं चित्रासाठी."

"बाई, आत नेल्यालं फळ भाईर येत नाय. काडी बी नाय."

"माहीत आहे मला."

"मग माजा हिरडा गेला म्हना," असं हसून म्हणत त्या आल्या.

कॅमेरा आत उभा होता, त्या त्याच्या दिशेने चालत आल्या. पंधरा मिनिटांत काम संपलं, मंडळी गाडीकडे गेली. मग धोंडाबाईंनी टोपली देवापुढे उपडी केली, दोनदा झटकली आणि रिकामी घेऊन बाहेर पडल्या. तेव्हा तिथे मी एकटीच होते.

फिल्ममध्ये त्या भरली टोपली घेऊन राईतून बाहेर येत असल्यासारख्या दिसतात. खाली ओळ होती : देवाच्या राईतलं धन, आमच्या मैत्रीने जपलेलं. चार दिवसांत सहा लाख लोकांनी ती पाहिली. त्यांत आहुपंही होतं.

मी पुन्हा आहुप्याला गेले तेव्हा गावातले वडीलधारे जानकूबाबा देवळाच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी मोबाइल पुढे केला.

"टोपली भरल्याली हाय का न्हाई?"

"आहे. पण ती आत जातानाची. नंतर त्यांनी ओतली. मी पाहिलं."

"मग ते दावा."

"ते घेतलं नाही त्यांनी. पण हिरडा अजून देवापुढे पडलेला असेल."

"राईत हिरड्याची झाडं किती?"

"अकरा."

"तुमीच मोजली. मग खाली हिरडा पडनारच की." ते आवाज न चढवता बोलत होते. "तुमी खोटं बोलत न्हाई, बाई. पर पोरांचं फोन येत्यात, की दिवा लावनारीच राई लुटती. त्यास्नी काय दावू?"

मी दूतावासाला तीन मेल केले. उत्तर एकाचंच आलं, सभ्य होतं : फिल्म लोकांना फार आवडली आहे, दौरा झाल्यावर विचार करू. फिल्मखाली मी मराठीत खुलासा लिहिला. तासाभरात तो लोकांनी प्रतिक्रियांत टाकलेल्या दोन्ही देशांच्या झेंड्यांखाली दिसेनासा झाला.

दौरा झाला. फिल्म आहे तशीच आहे.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी मी आहुप्याला गेले. धोंडाबाई राईच्या तोंडाशी उभ्या होत्या. दिव्याच्या तेलाची बाटली त्यांनी जानकूबाबांच्या सुनेच्या, मोहिनीच्या हातात दिली.

"वात जाड वळ. आत वारं असतंय."

मोहिनी खाली बघत आत गेली.

"बाई," धोंडाबाई मला म्हणाल्या, "मी टोपली वतली तवा तुमी व्हता ना तितं?"

"होते."

"मोबाइल व्हता का हातात?"

"होता."

त्यांनी मान हलवली आणि बांधाच्या वाटेला लागल्या.