पाटी बाभुळगावात, मालक पुण्यात

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. जुनी म्हणजे सहाच वर्षांची. पण ऊन बाभुळगावचे, त्यामुळे वयापेक्षा थोराड दिसते. माझ्यावर लिहिले आहे, 'निरंजना डाळ प्रायव्हेट लिमिटेड. नोंदणीकृत कार्यालय: बाभुळगाव, जिल्हा यवतमाळ.' एवढे सगळे अंगावर असूनही मध्यंतरी मला स्वतःचाच पत्ता कळेनासा झाला होता.

ही कंपनी इंद्रजित आणि मोनाली या नवरा-बायकोची. इंद्रजितच्या आईच्या, म्हणजे कांताबाईंच्या घरावर मला लावले, तेव्हा त्यांनी मला पदराने पुसले होते. मागच्या टिनाच्या शेडमध्ये बबिता आणि आणखी सहा बायका तुरीची डाळ निवडत. पाहुणे आले की इंद्रजित माझ्याजवळ उभा राहून फोटो काढून घेई. तेव्हा मी किती फुशारून जात असे म्हणून सांगू!

मग विक्री वाढवायला दोघे पुण्याला राहायला गेले. निघताना इंद्रजित सगळ्यांदेखत म्हणाला, "आई, आपली कंपनी आता पुण्याले चालली!" मी दचकले. मी तर भिंतीवरच होते. कंपनी गेली, तर मी कोणाची पाटी? आणि गेली नसेल, तर हा एवढ्या आनंदाने सांगतो आहे तरी काय?

पुढे चौदा एप्रिल जवळ आला. त्याआधी आमच्या वस्तीत घराघराला रंग लागतो. कांताबाईंनी भिंत रंगवायला मला उतरवले आणि रंग वाळल्यावर परत लावलेच नाही. मी शेडमध्ये पोत्यांमागे पडून राहिले. बायका डाळ निवडत, म्हणजे कंपनी इथे. भिंतीवर पाटी नाही, म्हणजे इथे नाही. विचार करून करून माझे डोके फिरायची वेळ आली. मला फार एकटे वाटे.

एक दिवस पोस्टमन सरकारी पत्र घेऊन आला. कांताबाई सरळ मनाने म्हणाल्या, "कंपनी तं पुण्याले गेली, बाबू. इथं काई नाही तिचं." पत्र परत गेले. नंतर एक साहेब पत्ता तपासायला आले. पाटी दिसली नाही आणि उत्तरही तेच मिळाले.

थोड्याच दिवसांत इंद्रजित धावतपळत आला. कंपनी दिलेल्या पत्त्यावर सापडत नाही, महिन्याभरात खुलासा करा, नाहीतर नाव नोंदणीतून काढू, अशी नोटीस त्याच्या ईमेलवर आली होती. नाव गेले की कंपनीच संपली.

"आई, तू असं काहून सांगतलं?"

"तूच तं म्हटलं, कंपनी पुण्याले चालली. मंग मी खोटं बोलू का?"

बबिता शेडमधून बाहेर आली. "दादा, मंग आमचं काम राह्यलं का गेलं, थे सांगा."

पत्ता पुण्याला न्यायचा विचार इंद्रजितच्या मनात होता. पण दोन वर्षांत त्याने तीन घरे बदलली होती, आणि आताचा घरमालक पाटी लावू देईना, संमतीचा कागदही देईना. त्याने यवतमाळच्या सीए पंजाबरावांना फोन लावला. ते म्हणाले, "दोन्हीकडे चालते रे. पण जिथं ठेवशीन तिथं पाटी दिसली पाह्यजे, अन् पत्र घेणारं माणूस पाह्यजे."

इंद्रजितने संमतीचा कागद कांताबाईंपुढे ठेवला. घर त्यांच्या नावावर होते. अशी सही कंपनी सुरू करतानाही घेतली होती, पण कागद कशाचा हे कोणी सांगितले नव्हते.

"हे काय हाय?"

"कंपनी तुह्या घरी राहते, असं लिहिलं हाय."

"माह्या घरी? पयलेपासून?"

"हो आई."

कांताबाईंनी चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला, मगच सही केली. म्हणाल्या, "हे तवाच सांगतलं असतं, तं त्या पोस्टमनले मी चहा पाजला असता." मग पोती सरकवून त्यांनी मला बाहेर काढले. इंद्रजितने खुलासा पाठवल्यावर साहेब पुन्हा आले, तेव्हा मी भिंतीवर होते आणि कांताबाई दारात. "इथंच हाय जी. या, बसा," त्या म्हणाल्या. कंपनीचे नाव राहिले.

मित्रांनो, उद्या तुम्हीही शिकायला, नोकरीला दूर जाल. खुशाल जा. पण मागे काय ठेवले आणि ते कोणाच्या हवाली केले, हे त्या माणसाला समजावून सांगा. कांताबाई दोन वर्षे रोज त्या शेडला कुलूप लावत होत्या, कंपनी सांभाळत होत्या. आणि कंपनीसुद्धा आपल्याला सोडून गेली असे समजून त्याच कुलपाजवळ उभ्या राहून डोळे पुसत होत्या.