पाहुण्याचं पाणी

हाशमने पुढे केलेला हात उस्तादांनी हातात घेतला नाही. ते त्याच्या तळव्याकडे बघत राहिले, मग तोंडाकडे, आणि शेवटी पायांकडे. मग शाळेच्या दारातून बाजूला होत म्हणाले,

"आलास? ये. आधी पाणी पी."

सौदीतल्या दम्माममध्ये एसी दुरुस्त करत हिंडलेल्या हाशमला हे चमत्कारिक वाटलं. या मुलखात लोक हात मिळवतात, गालाला गाल लावतात, घरच्या शेळ्यामेंढ्यांपर्यंत सगळ्यांची खुशाली विचारतात, तेव्हा कुठे आत घेतात. पण हा म्हातारा सुदानी होता, लढाई नुकतीच थांबली होती, आणि भर दुपारी बाहेर दिवेलागणीसारखा अंधार होता. कुवेतच्या तेलविहिरी जळत होत्या. त्यांच्या धुराने सूर्य कुठे आहे तेही कळत नव्हतं. पिकअपचे दिवे लावूनच तो इथवर आला होता. अशा दिवसांत कोणाचं डोकं ठिकाणावर असणार, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं.

गाव रिकामं होतं. पलीकडे कुवेतवर हल्ला होताच लोक मुलाबाळांना घेऊन निघून गेले होते, ते अजून परतले नव्हते. शाळा म्हणजे दोन खोल्या. काचांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या, बाकांवर काजळीचा थर. एका कोपऱ्यात उस्ताद बाबिकरांची चटई आणि स्टोव्ह. मास्तरही तेच आणि राखणदारही तेच.

हाशमला एकच गोष्ट हवी होती. त्याचा धाकटा भाऊ इमाद कुवेतला सुतारकाम करायचा. दोघे जुळे नव्हते, पण चेहरा एकाच साच्यातला. गावचे मौलवी एकाच्या खोडीपायी दुसऱ्याचा कान पिळायचे. ऑगस्टात इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या, तेव्हा इमाद सोबत्यांबरोबर गाडीने वाळवंटातून सौदीकडे निघाला. गाडी वाळूत रुतली. बाकीचे गाडीपाशी थांबले, त्यांना मदत मिळाली, ते घरी पोचले. इमाद मात्र, लांब निशाण दिसतंय, शाळाबिळा असेल, पाणी आणतो, असं म्हणून गेला तो गेलाच. तेव्हापासून जयगडहून त्याची बायको जोहरा फोनवर एकच विचारायची.

"हाशमभाय, मी वाट बगू की इद्दतीला बसू? येवडाच सांगा."

नवरा जिवंत धरायचा की विधवेचं सुतक पाळायचं, हे त्याला सांगता येत नव्हतं, आणि ते त्याचं काळीज कुरतडत होतं. शेवटी कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा होता त्या मालकाच्या, हातापाया पडून त्याने प्रवासाची परवानगी मिळवली आणि सरहद्दीकडच्या शाळा धुंडाळायला निघाला.

उस्तादांनी पाण्याचं भांडं भरून दिलं. हाशमने ते संपवलं, तर लगेच दुसरं भरलं. तेही संपलं, तर आणखी.

"पुरे, उस्ताद."

"पी, पी. या वेळी टाकी भरलेली आहे."

'या वेळी' हे हाशमला खटकलं. पण विचारायचं कसं? आल्या आल्या कामाचं बोलणं इथे अडाणीपणाचं. यजमानही पाहुण्याला नावगाव विचारत नाही. खाणंपिणं होईतो तो नुसता पाहुणा. हाशम या रीतींत मुरला होता, आणि त्याचा त्याला थोडा तोराही होता. त्याने तिसरं भांडंही तोंडाला लावलं.

भात, डब्यातला मासा आणि खजूर समोर आले. थाळी एकच. उस्ताद जेवायला बसलेच नाहीत. दाराशी उकिडवे बसून, हाशमचा घास घशाखाली उतरतो का, ते बघत होते. मध्येच त्यांनी कंदील सरकवला. भिंतीवर हाशमची सावली पडली, तिच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांची नजर दाराशी काढलेल्या चपलांकडे गेली.

"बरं झालं," ते हळूच म्हणाले. "चपला मिळाल्या."

हाशमने हातातला घास थाळीत ठेवला. छपराच्या पत्र्यावर टिपटिप वाजायला लागलं. पाऊस म्हणावा तर काचेवरून उतरणारे ओघळ काळे होते. उठावं, गाडीत बसावं आणि थेट दम्माम गाठावं, असं त्याला फार वाटलं. कशाची भीती वाटतेय ते कळत नव्हतं, म्हणून ती जास्तच वाटत होती. पण मग जोहराला काय सांगणार?

कॉफी आली. हाशमने पेला घेतला आणि ओठांना न लावता चटईवर ठेवला. पाहुण्याने असा पेला ठेवला, की त्याचं काही मागणं आहे हे यजमानाने ओळखायचं, आणि मागणं ऐकायच्या आधीच हो म्हणायचं. मागणं पुरं झालं की मगच पाहुणा तो पेला पितो.

उस्तादांचा चेहरा उतरला. तरी रीत त्यांनी सोडली नाही.

"पी. दिलं," ते म्हणाले. मग कंदील उचलला. "तू कशासाठी आलास ते मला कळलंय. चल."

शाळेच्या मागे मातीचा लांबट उंचवटा होता. कडेने दगड नीट बसवलेले. डोक्याशी पाण्याने भरलेलं भांडं, पाण्यावर काळा तवंग.

"जागा तुझी तशीच आहे, बेटा," उस्ताद त्याच्याकडे न बघता बोलत होते. "कुत्र्यांनी उकरू नये म्हणून दगड लावले. तू अनवाणी आलास तेव्हा टाकीच्या तळाशी थोडंच पाणी होतं. ते पाजलं, पण तुझ्या घशाखाली उतरेना. उरलेल्या पाण्याने शेवटची आंघोळ घातली. कमी पडलं का? आणि नाव… आल्या आल्या पाहुण्याला नाव कसं विचारायचं? म्हटलं, सावध झाला की विचारू. पोलिसांच्या नाक्यावर कळवलं, पण त्यांच्यापाशी तुझ्यासारखे बिननावाचे पुष्कळ होते. जनाज्याची नमाज मी बिननावाचीच पढलो. त्यासाठीच आलास ना परत?"

इतका वेळ हा माणूस आपल्याला मेलेला समजून जेवू घालत होता, हे हाशमला आता कळलं. खरा भ्यायलेला तो म्हाताराच होता, आणि तरी त्याने पाणी भरायचं थांबवलं नव्हतं. हाशम खाली बसला आणि मातीवर हात ठेवून पोरासारखा रडला. उस्ताद कंदील धरून उभे होते.

"इमाद," हाशम म्हणाला. "त्याचं नाव इमाद. मी हाशम, थोरला भाऊ. पाणी कमी नाही पडलं, उस्ताद."

उठून त्याने पुन्हा हात पुढे केला. म्हाताऱ्याने घाबरत घाबरत बोटं लावली, मग मनगट चाचपलं, आणि मग तो ऊन हात दोन्ही हातांत असा धरला की सोडेचना. मातीकडे वळून त्यांनी इमादचं नाव घेतलं आणि दुवा मागितली.

आत आल्यावर उस्ताद स्टोव्हकडे वळले.

"कॉफी गार झाली. दुसरी करतो."

"नको," हाशम म्हणाला आणि चटईवरचा तोच पेला उचलून त्याने ओठांना लावला.