न विचारण्याचा नियम

डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या आणि त्यातली एक उचलून पुन्हा भिंतीशी नेऊन ठेवली. विमेकाकांना जाऊन महिना होत आला होता, तरी हात अजून चौघांच्याच खुर्च्या मांडत होते.

दर शनिवारी दुपारी दातांचे पेशंट संपले की तिथे वाचक मंडळ भरायचं. माणसाचं स्वातंत्र्य आणि खुला बाजार, वर्षभर हेच चऱ्हाट चाललेलं. मंडळाला अध्यक्ष नव्हता, वर्गणी नव्हती. नियम एकच, तोही विमेकाकांनी घालून दिलेला. कुणी आलं नाही तर का आला नाहीस, हे विचारायचं नाही. फोन नाही, निरोप नाही. जन्मभर लोकांना विमा विकलेला हा माणूस म्हणायचा, ज्याची जोखीम त्याने उचलावी. आधी चौकशी येते आणि तिच्या मागून पहारा. बाईंना हे इतकं पटलं होतं, की त्या नियम काकांहूनही कडक पाळायच्या.

म्हणून काका लागोपाठ दोन शनिवार आले नाहीत, तेव्हा तिघंही तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. मंडळातले फर्निचरवाले एवढंच म्हणाले, "म्हातारा रुसला की काय?" त्यावर प्राध्यापकांनी पुस्तकाचं पान उलटलं.

बाई मात्र गेल्या होत्या. भाजीचं निमित्त करून, कुणाला न सांगता, चोरासारख्या. काकांच्या दाराशी उभ्या राहून त्यांनी बेलकडे हात नेला. त्यांची चाहूल लागली असावी, कारण आतून आवाज आला, "कोण आहे?" बारीक, बसका आवाज. बाईंचा हात थांबला. आता काका दार उघडणार आणि शनिवारी सगळ्यांदेखत विचारणार, काय डॉक्टर, पहारा सुरू झाला वाटतं? आत्तापर्यंत दुसऱ्यांना शिकवलेलं शहाणपण अंगाशी येणार. त्या पावलं न वाजवता खाली उतरल्या. गरज असेल तर माणूस हाक मारतोच, असं त्यांनी जिन्यात स्वतःला बजावलं.

न्यूमोनिया होता. घरमालकाने दार फोडलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. वेळेवर आणलं असतं तर वाचले असते, असं हॉस्पिटलमध्ये म्हणाले. तेव्हापासून बाईंना कुठल्याही बंद दारासमोर उभं राहवेना. पेशंटने आ वासला, खोली शांत झाली, की तो आवाज यायचा. कधी त्या नकळत मागे वळून बघायच्या आणि पेशंट तोंड उघडं ठेवून वाट बघत राहायचा.

आज प्राध्यापक आणि फर्निचरवाले येऊन बसले, तोच दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. विमेकाकांची मुलगी. परगावी राहायची, घर आवरायला आली होती.

"मंडळाचं पुस्तक बाबांकडे राहिलं होतं," ती म्हणाली.

फर्निचरवाल्यांनी भिंतीशी ठेवलेली खुर्ची आणून दिली. ती बसली, पण पुस्तक तिने हातातच ठेवलं.

"एक विचारू? ते येत नव्हते, तेव्हा तुमच्यापैकी कुणी त्यांच्याकडे गेलं होतं का?"

प्राध्यापकांनी चष्मा काढला. "आमचा एक नियम होता. त्यांनीच केलेला."

"माहीत आहे. घरीही तोच होता. खुशाली विचारायला फोन करायचा नाही, सांगण्यासारखं काही असेल तरच करायचा. मला सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी केला नाही." तिने पुस्तकाची कडा अंगठ्याने दाबली. "त्या दिवसांत मी रोज फोन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. आता झोप लागत नाही. वाटतं, एक फोन केला असता तर बाबा उठले असते, बोलले असते."

मग बाई म्हणाल्या, "मी गेले होते."

फर्निचरवाल्यांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"बेल वाजवलीत?" मुलीने विचारलं.

"वाजवली."

"आतून काही बोलले?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती आणि ती श्वास रोखून बसली होती. खरं सांगितलं असतं तर बाईंचं ओझं हलकं झालं असतं, आणि ही पोर जन्मभर तो आवाज घेऊन हिंडली असती.

"नाही," बाई म्हणाल्या. "बराच वेळ थांबले. आत जाग होती, पण उघडलं नाही."

मुलीने सावकाश श्वास सोडला. "म्हणजे माझा फोनही उचलला नसता."

"नसता उचलला."

"आपल्या मर्जीचा माणूस," प्राध्यापक हळूच म्हणाले. "शेवटपर्यंत कुणाचा मिंधा झाला नाही." त्यांचाही चेहरा सैल झाला होता. फर्निचरवाल्यांनी मान हलवली. त्या खोलीत आता तिघांना बरं वाटत होतं.

मुलगी उठली. पुस्तक बाईंच्या मांडीवर ठेवून तिने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

"निदान तुम्ही तरी गेला होतात," ती म्हणाली.

बाईंनी हात सोडवून घेतला नाही.