इथला कारभारी कोण?

हॉलची एक भिंत पोपटी झालेली पाहिली आणि तिचं डोकंच फिरलं. सांगितला होता फिकट पांढरा.

"हा रंग कोणी द्यायला सांगितला?" तिने रंगाऱ्याला विचारलं.

"आजोबांनी. मी रीतसर विचारलं हो, या घरात ठरवतं कोण? ते म्हणाले, मी."

आजोबा म्हणजे तिचे सासरे. खुर्चीत ताठ बसून भिंतीकडे कौतुकाने पाहत होते. खुब्याच्या ऑपरेशननंतर ते बरेच महिने नणंदेकडे होते. तेवढ्या काळात घराचा सगळा कारभार तिच्याकडे आला, विजेच्या बिलापासून टाकीच्या गळतीपर्यंत. आता ते परतले आणि जुन्या खुर्चीबरोबर जुना हुद्दाही त्यांनी परत घेतला. मधल्या काळात कारभारी बदलला आहे, हे त्यांना सांगणार कोण? तिचा नवरा तर अशा वेळी हमखास झाडांना पाणी घालायला गॅलरीत जातो.

ती रंगाऱ्याला झापणार, तेवढ्यात तिची जीभ जागच्या जागी थांबली. रंगाऱ्याचं चुकलं कुठे? त्याने विचारलं, पहिला जो 'मी' म्हणाला त्याचं ऐकलं.

"अगं बाई," ती पुटपुटली, "माझी लायब्ररी तरी दुसरं काय करते!"

रंगाऱ्याला "चार दिवसांनी या" म्हणून तिने वाटेला लावलं आणि लॅपटॉप उघडला.

ही लायब्ररी ती वर्षानुवर्षं सांभाळत होती. ऑफिसात सगळे त्या लायब्ररीला 'हिचं लेकरू' म्हणत. ही पुस्तकांची लायब्ररी नव्हे, तर कुठल्याही प्रोग्रॅमला डेटाबेसशी, म्हणजे नोंदींच्या साठ्याशी, जोडून देणारा तयार कोड. डेटाबेसचा एक सर्व्हर मुख्य असतो, बाकीचे दोन राखीव, त्याची नक्कल करत बसलेले. मुख्य बंद पडला की राखीवांपैकी एक त्याची जागा घेतो, आणि हा नवा मुख्य शोधून सगळ्यांना त्याच्याशी जोडायचं काम लायब्ररीचं. तेही असं की समोर बसलेल्या माणसाला पत्ता लागू नये. तिचं लेकरू यात भलतंच चपळ होतं. तिघांनाही एकदम विचारायचं, "मुख्य तू का?" पहिला 'हो' आला की काम फत्ते. या चपळाईचा तिला कोण तोरा!

पण पडलेला जुना सर्व्हर मधेच उठला तर? त्याला बिचाऱ्याला काय माहीत! तोही छातीठोकपणे म्हणणार, "मीच मुख्य." आजवर पडलेला सर्व्हर माणसंच हाताने, आधी राखीव करून मग उठवत, म्हणून निभावून गेलं. आता मात्र लायब्ररी रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात बसणार होती आणि तिथे सर्व्हर आपोआप उठत. एखाद्याने घाबऱ्या घाबऱ्या केलेल्या फोनची नोंद भलत्याच ठिकाणी जायची आणि गाडी जागची हलायची नाही. 

दुसऱ्या दिवशी ऑफिसात हे ऐकून साहेबांनी कपाळाला हात लावला. "परवा चाचणी आहे! नापास झालो तर ते कक्षवाले बाहेरची तयार लायब्ररी घेणार. इतकी वर्षं नीट चाललीये ना?"

"नशिबाने चालली, साहेब. बदलल्यावर जराशी हळू होईल, पण बदलणार."

तिने बदललीच. आता प्रत्येक नव्या मुख्याला चढता क्रमांक मिळायचा, आणि कोणी कितीही 'मीच' म्हणो, तिघांपैकी निदान दोघांच्या तोंडून सगळ्यात वरचा तोच क्रमांक आल्याशिवाय लायब्ररी कोणाचंच ऐकायची नाही.

चाचणीच्या दिवशी कक्षप्रमुख बाईंनी भर कामात मुख्य सर्व्हरची केबल स्वतःच्या हाताने उपटली. संगणकाचा पडदा क्षणभर अडखळला आणि पुढे सरकला. हेडफोन लावलेली मुलगी बोलायची थांबलीसुद्धा नाही. "हो काका, गाडी निघाली, तुम्ही दारातच थांबा." टाळ्या पडल्या. साहेब हात मिळवून निघायच्या बेतात होते.

"थांबा," ती म्हणाली. "आता ती केबल परत लावा."

साहेबांचा चेहरा पडला. "अगं, हे कोणी मागितलंय का?"

"नाही. म्हणूनच."

बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि केबल लावली. जुना सर्व्हर उठला आणि अपेक्षेप्रमाणे ओरडला, मीच मुख्य! लायब्ररीने बाकीच्या दोघांना विचारलं आणि त्याच्याकडे साफ काणाडोळा केला. एकही नोंद इकडची तिकडे झाली नाही. थोड्या वेळाने जुन्यालाही उमगलं. तो निमूटपणे नव्याची नक्कल करू लागला.

 लेकरू आज जरासं हळू धावलं होतं आणि तिला त्याचा पूर्वी कधी वाटला नव्हता एवढा अभिमान वाटत होता.

"स्वतःची दुखरी जागा आपणहून दाखवणारं आजवर कोणी आलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "हीच ठेवू."

रात्री जेवताना तिने सगळं सासऱ्यांना रंगवून सांगितलं. पोपटी भिंतीचं नाव मात्र काढलं नाही. ते घास हातात धरून ऐकत राहिले.

"मग त्या जुन्याला काढून टाकता का गं?"

"छे हो, बाबा! त्याच्या जिवावर तर नवा निर्धास्त असतो. उद्या नवा पडला, तर सगळं ठाऊक असलेला तोच ना?"

त्यांनी भात मागून घेतला.

सकाळी रंगारी आला. ती स्वयंपाकघरात कान टवकारून उभी राहिली.

"आजोबा, बाकीच्या भिंतींना कुठला रंग?"

 मग खुर्ची करकरली.

"मला काय विचारता? सूनबाईला विचारा, कारभार तिच्याकडे आहे. मी आता राखीव." आणि लगेच आवाज चढला, "पण ती कधी आजारीबिजारी पडली, तर सरळ माझ्याकडे यायचं. मला सगळं ठाऊक असतं."

तिला म्हाताऱ्याचा असा काही अभिमान वाटला की डोळे पुसूनच ती बाहेर आली. ती एक भिंत तिने पोपटीच ठेवायला सांगितली.