पोर्तोत आत्ता दुपार

मळवली स्टेशनपासून पाच मिनिटांवर, दोन रिकाम्या प्लॉटांच्या मध्ये एक पांढरा बंगला आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये प्रेरणा रोज संध्याकाळी सात वाजता जाऊन बसायची. खिडकीला तिने काळी चादर ठोकली होती. ट्यूब लावायची, मागे पांढऱ्या टाइल्स येतील असा फोन बेसिनवर टेकवायचा, अंगात तिकडचा जाड स्वेटर चढवायचा आणि आईला, नंदाबाईंना, व्हिडिओ कॉल करायचा. तिथून चालत अर्ध्या तासावर असलेल्या भाजे या तिच्या गावात तेव्हा अंधार पडलेला असायचा. पोर्तोत मात्र दुपारचे दीड वाजलेले असायचे, आणि नंदाबाईंची लेक पोर्तुगालमधल्या त्या पोर्तो शहरात चित्रकला शिकत होती.

जेवलीस का, असं आई विचारायची. जेवले, आता प्लेटा धुवायला आलेय, असं प्रेरणा सांगायची. छापे काढायच्या जस्ताच्या प्लेटा धुवायला कॉलेजात एक खोली असते, तीच ही खोली, असं तिने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. मध्येच पुण्याकडे जाणारी गाडी कर्णा वाजवत गेली, की आई म्हणायची, तिकडंबी गाडी हाय वाटतं. प्रेरणा म्हणायची, व्हय, कॉलेजच्या मागनंच जाती.

वास्तविक पोर्तोतल्या कॉलेजमागे रेल्वे नव्हती, चर्च होतं.

ती तिथे गेली होती हे मात्र खरं होतं. पुण्यात कलामहाविद्यालयाचं शिक्षण संपल्यावर तिला दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली. गावाने देवळासमोर सत्कार केला, लेण्यांच्या पायथ्याशी तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला. वडील कोंडाजी, म्हणजे आबा, तीन बंगल्यांची राखण आणि बागकाम करायचे. प्रत्येक मालकाला त्यांनी मुलगी परदेशी चालल्याचं दोन-दोनदा सांगितलं. भाऊ निलेश लेण्यांच्या पायऱ्यांपाशी मक्याची कणसं आणि सरबत विकायचा. तो गिऱ्हाइकांना तिचे स्टेटस दाखवायचा.

पहिले चार महिने तिने ते शहर पायाखाली घातलं. सकाळी स्टुडिओ, दुपारी म्युझियम, शनिवारी नदीकाठ. चढाच्या गल्ल्यांतून ती वही घेऊन फिरायची, निळ्या टाइल्सच्या भिंतींसमोर बसून राहायची, कोपऱ्यावर भाजलेल्या चेस्टनटचा कागदी कोन घेऊन समुद्रापर्यंत चालत जायची. प्रत्येक ठिकाणचे फोटो घरी पाठवायची. मग पाऊस सुरू झाला आणि थांबेचना. खोलीतली मैत्रीण दुसरीकडे राहायला गेली. एक दिवस प्रेरणाला सकाळी अंथरुणातून उठवेना. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे पुढे ती दुपारी उठून, केस विंचरून, घरी फोन करण्यापुरतीच जागी व्हायला लागली. वर्षाच्या शेवटी काम दाखवायचं होतं, तेव्हा दाखवायला काहीच नव्हतं. सरांनी डिसेंबरपर्यंत मुदत दिली. डिसेंबरातही काही नव्हतं. शिष्यवृत्ती बंद झाल्याचं पत्र आलं, आणि त्यासोबत परतीचं तिकीट.

घरी जायचं धाडस तिला झालं नाही. पुण्याची मैत्रीण चैताली हिच्या मावशीचा मळवलीला बंगला होता, थंडीत तो बंदच असायचा. चैतालीने किल्ली दिली, पंधरा दिवसांत घरी सांगून टाक म्हणाली. प्रेरणा लोणावळ्याहून डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधून रिक्षाने आली, आणि पंधराचे पन्नास दिवस झाले.

दिवसा ती समोरच्या बाजूच्या खिडक्या उघडत नसे. लेण्यांकडे जाणारी माणसं त्याच रस्त्याने जात, त्यांत गावातलं कुणीही असू शकत होतं. जिन्यातल्या उभ्या फटीतून लोहगड, विसापूर, मधली खिंड आणि डोंगरांच्या पायथ्याची झाडी दिसायची. त्या झाडीत कुठेतरी तिचं घर होतं. एकदा ग्रामपंचायतीची स्पीकरवाली गाडी भाज्यात पाणीपट्टीचं सांगत फिरत होती, ते अर्धंमुर्धं तिला ऐकू आलं. पोर्तोत असताना घर इतकं लांब कधी वाटलं नव्हतं.

बंगला झाडायला एक दिवसाआड सावित्राबाई यायच्या. त्या डोंगरावरच्या वाडीतल्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. पुण्याची पाहुणी आहे, अभ्यासाला आलीय, असं चैतालीने त्यांना कळवलं होतं. चौथ्या दिवशी फरशी पुसता पुसता त्या म्हणाल्या, "तू लेण्यापाशी सरबत इकायचीस न्हवं, ल्हान असताना? कोंडाजीभाऊची." सावित्राबाईंनी फडकं पिळलं आणि पुढची खोली पुसायला घेतली. तो विषय त्यांनी परत काढला नाही. फक्त त्या दिवसापासून येताना कधी माठाची भाजी, कधी दोन अंडी आणायला लागल्या.

सहलींचं काम सगळ्यात अवघड होतं. आई रोज विचारायची, आज कुठं गेलतीस. प्रेरणाकडे फिरण्याचे फोटो तीनशेच्या आसपास होते, पण बरेच आधीच पाठवून झालेले. उरलेल्यांतून ऋतू बघून निवडावं लागायचं. एकदा अर्ध्या बाह्यांतली माणसं दिसणारा समुद्राचा फोटो टाकला, तर आबांनी विचारलं, थंडी गेली का तिकडची? त्या रात्री तिने सगळे फोटो चाळून थंडीतले वेगळे काढले. ते अकराच निघाले. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तेही संपले.

मग तिने रंगांची पेटी उघडली. आज वही घेऊन बाहेर गेले होते, असं सांगून चित्राचा फोटो पाठवायचा, एवढाच हेतू होता. स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद चिकटवून तिने नदी काढली, नदीवरचा लोखंडी पूल काढला, उतारावरची लाल कौलं काढली. हात आखडला होता, पण तासाभराने सुटला. वर्षभरात पहिल्यांदा तिला भूक लागल्याचं कळलं नाही. पाच दिवसांत तिने पाच चित्रं केली. जे काम तिकडे दोनदा मुदत मिळूनही झालं नव्हतं, ते इथे दार लावून, खोटं बोलण्यासाठी होत होतं. हे मनात आलं की ती ब्रश ठेवून ओट्याला टेकून उभी राहायची.

सहावं चित्र तिने पाठवलं आणि आईचं उत्तर आलं नाही. दोन निळ्या खुणा दिसल्या, बस. संध्याकाळी फोन लागला नाही.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास फाटक वाजलं. सावित्राबाई अंगणात होत्या. त्यांनी कुणाशी काहीतरी दबक्या आवाजात बोलून कडी काढली. प्रेरणा जिन्यात होती. खाली स्वयंपाकघरात नंदाबाई येऊन उभ्या राहिल्या. हातात विळा होता, पायांवर धूळ होती. ओट्यावर ओळीने लावलेली चित्रं त्यांनी एकेक करून पाहिली आणि सहाव्यावर बोट ठेवलं.

"ह्यो डोंगूर तिकडला न्हाई," त्या म्हणाल्या. "ही गायमुखाची खिंड हाय. आपल्या दारातनं इसापूर निसता डोक्यावर येतो. खिंड अशी दिसती ती टेशनाच्या अंगानं. सकाळधरनं हितले बंगले हिंडतीय मी."

पुलाच्या मागे रिकामी जागा राहिली होती म्हणून प्रेरणाने सहज एक डोंगर ओढला होता. आता पाहिलं तर तो तोच होता, जिन्यातून रोज दिसणारा.

"कवा आलीस?"

"डिसेंबरात."

नंदाबाईंनी विळा खाली ठेवला. त्या रागावतील, रडतील, असं प्रेरणाला वाटलं होतं. त्यांनी मोरीतली दोन ताटं घासली, हात पुसले आणि मग विचारलं, काय झालं? प्रेरणाने सगळं सांगितलं. पाऊस, खोली, दोनदा मिळालेली मुदत. का केलं नाहीस, असं आईने विचारलं, तर सकाळी उठवतच नव्हतं, एवढंच ती परत परत म्हणत राहिली. आईने तिला जवळ घेतलं. आईच्या पदराला गवताचा वास होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिला हात लावला होता, आणि सुटले आता, असं तिला वाटलं. पिशवी भरायला ती वर जायला निघाली.

"थांब," नंदाबाई म्हणाल्या. "बावीस तारखेला निलेशचा साखरपुडा हाय. पाव्हणं लय मोटं हायीत. नवरीच्या, अनिताच्या बापानं तुझं नाव ऐकूनच होकार दिला, बहीण परदेशात शिकती म्हून. तवर ऱ्हा हितंच. मंग बगू आपुन."

"आबांना तरी..."

"त्यांच्या पोटात ऱ्हाणार न्हाई."

आई गेली, फाटक लागलं. त्यानंतरचे दहा दिवस आधीच्या पन्नास दिवसांपेक्षा जड गेले. आधी तिची तीच कोंडून बसली होती, मनात आलं असतं तर बाहेर पडू शकली असती. आता कडी आईच्या हातात होती. नंदाबाई दोन दिवसांआड गवताच्या भाऱ्यात भाकरी-पिठलं लपवून आणायच्या, आणि संध्याकाळी सात वाजता आबांच्या शेजारी बसून फोनवर विचारायच्या, जेवलीस का गं, थंडी लय हाय का? त्या मुलीपेक्षा सफाईने खोटं बोलायच्या. आबा मध्येच फोन हातात घेऊन म्हणायचे, साखरपुड्याला तू असतीस तर बरं झालं असतं. प्रेरणा मान हलवायची. आई दुसरीकडे बघायची.

मुलीकडच्यांच्या गावात रस्ता खोदलेला होता, म्हणून साखरपुडा भाज्यातच, देवळापुढच्या मांडवात ठरला. बावीस तारखेला सकाळपासून डीजेचे ठोके बंगल्यापर्यंत येत होते. बाथरूमच्या दाराची काच थरथरत होती. साडेबाराला निलेशचा कॉल आला. ती पांढऱ्या टाइल्ससमोर बसलेली होतीच.

स्क्रीनवर मांडव दिसला, फेट्यातला भाऊ दिसला, शेजारी हिरव्या शालूतली अनिता. गाणं प्रेरणाला दोनदा ऐकू येत होतं, एकदा चादर ठोकलेल्या खिडकीतून आणि मग क्षणभराने फोनमधून. निलेशने फोन अनितापुढे धरला. ती लाजत होती, पण आवाज मोकळा होता. ताई, तुमची सगळी चित्रं मी बघते, तिने सांगितलं. मग कान पुढे करून म्हणाली, "तिकडंबी हेच गाणं लावलंय का?"

प्रेरणाने घाईघाईने सांगितलं, तुमचाच आवाज परत येतोय, नेटवर्क खराब आहे. अनिताने विश्वास ठेवला, हसली, आणि किती वाजले तिकडे, असं विचारलं. सकाळचे सात, प्रेरणा म्हणाली. मग फोन आबांकडे गेला. त्यांनी नवीन टोपी घातली होती. डोळे पुसून त्यांनी फोन उलटा केला आणि मांडवाचं कापड बराच वेळ दिसत राहिलं.

तिने कॉल बंद केला. स्वेटर काढला. खाली सावित्राबाई ओटीवर बसल्या होत्या. प्रेरणा त्यांच्यासमोरून फाटकापर्यंत गेली आणि थांबली. त्या उठल्या नाहीत, कुठे चाललीस असंही त्यांनी विचारलं नाही. तिने स्वतःच कडी काढली.

एक्स्प्रेसवेवरच्या पुलावर ऊन मी म्हणत होतं. इतके दिवस सावलीत राहिलेली तिची कातडी चुरचुरायला लागली. दोन ओळखीचे रिक्षावाले बघत राहिले. मांडवात शिरली तेव्हा पहिल्यांदा तिला आबांनीच पाहिलं. ते धावतच आले. पोरगी इमानानं आली, न सांगता आली, असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. कुणीतरी डीजे बंद केला. अनिताचे वडील हात जोडून पुढे आले. लांब, बायकांत उभ्या असलेल्या नंदाबाई तिच्याकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेत विनवणी होती. प्रेरणाला कळलं की आता गप्प राहिलं, तरी सगळं निभावेल. सगळे खूश होतील, चार दिवस पाहुणचार होईल, आणि पुढच्या आठवड्यात आबा तिला विमानतळावर सोडायला निघतील.

"आबा, मी इमानानं न्हाई आले," ती म्हणाली. "टेशनापाशी बंगल्यात होते. डिसेंबरपासनं. मी नापास झाले."

आबांचं हसू लगेच गेलं नाही. ते थोडा वेळ तसंच राहिलं, मग त्यांनी वळून नंदाबाईंकडे पाहिलं. नंदाबाईंनी मान खाली घातली, तेव्हा त्यांना उरलेलं कळलं. अनिताचे वडील जोडलेले हात कुठे ठेवावेत हे न सुचून तसेच उभे होते. निलेश स्टेजवरून खाली उतरला, पण जवळ आला नाही. आला तो अनिताचा आवाज. "ताई, मंग मगाशी गाणं हितलंच व्हतं?" तिने विचारलं. प्रेरणाने मान हलवली. अनिताने एकदा वडिलांकडे पाहिलं आणि सरकून शेजारची खुर्ची मोकळी केली.

प्रेरणा त्या खुर्चीवर बसली नाही, कारण आबांनी तिला हाक मारली होती. ते पंगतीच्या टोकाशी उभे होते. तिच्याकडे न बघताच त्यांनी वरणाची बादली तिच्या हातात दिली. "मान्सं खोळंबल्यात," ते म्हणाले. "वाड."

पहिल्या पंगतीला साठ-सत्तर पानं होती. पहिल्या पानावर हौशीराम तात्या बसले होते, सत्कारात तिला नारळ देणारे. त्यांनी भाताला आळं केलं, वर बघितलं आणि विचारलं, "कवा आलीस गं?"

"दोन म्हैनं झालं, तात्या," प्रेरणा म्हणाली आणि वरण वाढून पुढच्या पानाकडे वळली. तिथल्या म्हाताऱ्या बाईने ऐकलेलं नव्हतं. तिनेही तेच विचारलं.